हॉलमधलं हॉलमध्ये

"माझं माणूस कुठं टाकलंय ते सांग! सांग, न्हाईतर हा दवाखाना डोक्यावर घेतो! पांढरे कपडे घालून बसलीस, आन् वरून मलाच रांगेत हुबा ऱ्हा म्हणतीस?"

हा आवाज लातूरच्या आमच्या सरकारी दवाखान्यातल्या ट्रेनिंग हॉलमधून निघाला, जिना उतरला, ओपीडीच्या रांगा ओलांडून फाटकापर्यंत गेला, आणि फाटकातल्या केळीवाल्यानं घाबरून गाडा उलटा वळवला. हवालदार काठी सावरत धावला. मोठे साहेब राउंड अर्धवट टाकून वर आले. दार ढकललं तर आत खुर्च्यांचं कडं. कड्यात सिस्टर, वॉर्डबॉय, आया, अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. मधोमध एक कोवळी सिस्टर, दोन्ही हात मांडीवर आवळून बसलेली. तिच्यासमोर शर्टाची बटणं उघडी, केस पिंजारलेले, डोळे गरागरा फिरवत नाचणारा रंगनाथ बिराजदार.

साहेबांना बघून तो जागीच थांबला. त्याच दमात म्हणाला, "साहेब, चहा घेणार का?" आणि लगेच सिस्टरकडे वळून, "हां, कुठवर आलतो आपण? तुझा बाप काढायचा राहिला होता न्हाई?"

रंगाला जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या. पण त्या आवाजाची आठवण झाली की आजही माझ्या पोटात जळजळ होते. अ‍ॅसिडिटी नव्हे, तिची गोळी मी घेतो. ही जळजळ निराळी. रंगाचा मला हेवा वाटायचा असं म्हणणं म्हणजे मे महिन्यात लातूरला थोडं ऊन असतं असं म्हणण्यासारखं आहे.

आम्ही दोघं एकाच हुद्द्यावर, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. मी नांदेडचा, तो चाकूरजवळच्या खेड्यातला. समाजकार्याची पदवी दोघांची एकच. मी विद्यापीठात दुसरा आलो होतो. पहिली आलेली मुलगी लग्न करून अमेरिकेला गेली, तेव्हा भारतापुरता मी पहिलाच धरावा. रंगा कितवा आला हे शोधायला विद्यापीठाला निकालपत्रक उलटं धरावं लागलं असतं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला, गावंच्या गावं दगडाखाली गेली, आणि पुढे बंगळूरहून आलेल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांनाच निवडलं. म्हणाले, मलमपट्टी करायला इथं माणसं आहेत. पण ज्याचं सगळं गेलं त्याच्याजवळ बसायचं कसं, हे दवाखान्यातल्या कुणालाच ठाऊक नाही. ते तुम्ही शिकवा. सिस्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना शिकवा.

मी तयारीला लागलो. दुःखाच्या पायऱ्यांचा तक्ता रंगवून घेतला. प्रोजेक्टरवर दाखवायच्या पारदर्शक पट्ट्या लिहून काढल्या, तीन रंगांच्या शाईत. रंगानं काय तयारी केली? कडुलिंबाची फांदी आणून हॉलच्या दाराला टांगली.

"हे काय करायलास?" मी विचारलं.

"मसणातून आल्यावर काय करतोस रे नांदेडकर?" तो मला कायम नांदेडकरच म्हणायचा. माझं आडनाव त्याला माहीत होतं की नाही, मला शंका आहे. "लिंबाचं पान चावतो ना? तसंच. आत लोकं काय काय बोलतील. बाहेर पडताना पान चावायचं, तोंड कडू करायचं, आन् आतलं आत ठेवून घरी जायचं. हॉलमधलं हॉलमध्ये."

माझ्या तक्त्यात हे कुठंच नव्हतं. पण लोक मुकाट पानं चावायला लागले. पुढल्या दोन वर्षांत दवाखान्याच्या आवारातलं लिंबाचं झाड माणसाचा हात पोचेल तिथवर बोडकं झालं. बकऱ्या येऊन बघून निराश होऊन जायच्या.

त्याचा दुसरा कायदा 'धीर धरा'चा. शिबिरात कुणाच्या तोंडून 'धीर धरा', 'देवाची इच्छा', 'झालं गेलं विसरा' असलं काही निघालं की त्यानं उठायचं आणि सगळ्या हॉलला पाणी आणून पाजायचं. पहिल्या दिवशी तर हॉल म्हणजे पाणपोई झाली. हेड सिस्टरबाई, ज्यांच्यापुढे डॉक्टरसुद्धा चपला काढून उभे राहायचे, त्या दुपारपर्यंत घागर कमरेवर घेऊन फिरत होत्या, कारण दर वाक्याला त्यांना देवच आठवायचा. पाणी पिऊन पिऊन लोकांची संडासापुढे रांग लागली. पण तिसऱ्या दिवशी 'धीर धरा' हा शब्द लातूर शहरातून हद्दपार झाला होता.

आणि ते ओरडणं. त्याचं म्हणणं असं, की ज्याचं माणूस गेलं तो आधी ओरडतो, आणि ओरडतो कुणावर? समोर पांढरे कपडे दिसतील त्यावर. सिस्टर उलट बोलते किंवा पळून जाते, दोन्हींनी तो आणखी एकटा पडतो. म्हणून रंगा स्वतः तो माणूस व्हायचा आणि एकेकीला कड्यात बसवून शिव्या घालायचा. तिनं बसून राहायचं. बस्स. अशा शिव्या, की त्या ऐकून ड्रायव्हर लोक खिशातून कागद काढून उतरवून घ्यायचे. सरावाचा तास संपला की ज्या सिस्टरला त्यानं सात पिढ्यांवरून बोल लावले असतील तिच्याच डब्यातली भाजी तो बोटानं चाटून खायचा.

खाण्यावरून आठवलं. रंगा स्वतःची कुठलीही वस्तू बाळगत नसे. पेन माझं, कंगवा वॉर्डबॉयचा, सुपारी हुसेनभाई ड्रायव्हरची. केसांचा त्याला भारी गर्व. पेशंटच्या नातेवाइकाकडूनही कंगवा मागून घ्यायचा आणि खिडकीच्या काचेत बघत भांग पाडायचा. मी त्याला निर्लज्ज समजायचो. तो आपल्या निर्लज्जपणाला शास्त्र म्हणायचा, आणि वाईट हे, की ते शास्त्र होतं.

ते मला पत्र्याच्या शेडमध्ये कळलं. भूकंपातून वाचलेली माणसं तेव्हा पत्र्याच्या शेडांत राहत होती. मी बंगळूरच्या डॉक्टरांना दाखवायला प्रश्नावली केली होती: झोप लागते का, भूक लागते का, छातीत धडधडतं का. आमच्या सिस्टर शेडोशेड फिरून विचारायच्या. पहिल्या रांगेत एका म्हाताऱ्यानं 'झोप लागत नाही' सांगितलं, आणि योगायोगानं त्याच संध्याकाळी त्याला कुणीतरी घोंगडी दिली. झालं! दुसऱ्या दिवशी अख्खं गाव जागं. बाराखडी न शिकलेली पोरंसुद्धा 'धडधडतंय' म्हणून सांगायला लागली. एकानं म्हशीलाही झोप नसल्याचं नोंदवून घेण्याचा आग्रह धरला. माझ्या आकडेवारीप्रमाणे त्या गावात पंधरवडाभर कुणीही डोळ्याला डोळा लावला नव्हता. बंगळूरचे डॉक्टर कागद बघून इतकंच म्हणाले, "इंटरेस्टिंग."

रंगा हसून हसून जमिनीवर बसला. म्हणाला, "आरं, सगळे त्यास्नी देतच राहिलेत. घोंगडं घ्या, पातेलं घ्या, साखर घ्या. आता तू झोप वाटायला आलास असं वाटलं त्यांना. त्यांच्याकडनं कुणी काय मागतंय का? मागायला शिकव तुझ्या सिस्टरांना."

शेवटच्या शेडमध्ये एक शिवराम आबा होते. घरातली सगळी गेलेली, तोंडातून शब्द नाही. मी त्यांच्यासमोर तासभर बसलो होतो, शिकवल्याप्रमाणे किंचित तिरका, किंचित वाकून. रंगा आला, चपला फेकल्या, त्यांच्या बाजेवर धपकन बसला, तळहातावर तंबाखू घेतली आणि म्हणाला, "आबा, चुना द्या की जरा."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. मग कोपरीच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग म्हणाले, "संपलाय." आणि उठले. चपला घातल्या. शेजारच्या शेडपाशी जाऊन त्यांनी हाक मारली, "आरं, चुना हाय का? पाहुणं आल्यात घरी."

घरी, म्हणाले ते. त्या पत्र्याला.

मी तिथंच होतो. माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्या चुन्याच्या डबीवर रंगानं पुढे मराठवाडाभर व्याख्यानं झोडली, कुठल्याशा परिषदेत शाल घेतली, आणि दरवेळी सांगताना "माझा एक मित्र तिथं तासभर वाकून बसला होता" हे वाक्य गाळलं नाही. लोक टाळ्या वाजवायचे. मी पाठीला मलम लावायचो.

इथवरचा हेवा मी पचवला असता. नोकरीतला हेवा पेन्शनबरोबर संपतो. पण माझ्या घरात काय झालं ते सांगतो.

माझी बायको उषा त्याच दवाखान्यात स्टाफ नर्स. तिचं माहेर भूकंपाच्या पट्ट्यातलं. आई गेली, धाकटी बहीण गेली. त्या सकाळी ट्रक-ट्रॅक्टर भरभरून जखमी आले तेव्हा ती ड्युटीवर होती. तिच्याच गावची माणसं तिच्यासमोर आणून टाकत होते, ती टाके घालायला मदत करत होती, आणि एकालाही तिनं 'आमच्या घरचं काय' असं विचारलं नाही. दोन दिवस ड्युटी सोडली नाही. मग जाऊन आली. आली, आंघोळ केली, आणि पुन्हा त्यावर बोलली नाही. रडलीही नाही.

रीत अशी, की दुखवट्याच्या घरी माणसं येतात. बायका गळ्यात पडतात, एकीनं सूर लावला की दुसरीचा बांध फुटतो, शेजारचं घर पिठलं-भाकरी घेऊन येतं. पण उषाच्या घरी येणार कोण? जिनं यायचं तिच्याच घरी तेच झालेलं. कुणीच कुणाकडे गेलं नाही.

मी तर यातला पदवीधर. मी खुर्ची तिरकी लावली, वाकलो, सौम्य आवाजात म्हणालो, "उषा, तुला काय वाटतंय?"

ती म्हणाली, "तुमची पाठ दुखतीय का? असे का बसलात?" आणि दुसऱ्या खेपेला, "अहो, माझ्यावर ट्रेनिंग करू नका." मी विचारणं सोडलं. माणसाला मान असतो.

भूकंपानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात उषाच्या वॉर्डाची पाळी शिबिराला आली. सकाळचं सत्र माझं. छान झालं, दोघंजण जागे होते. दुपारी प्रोजेक्टरचा बल्ब गेला आणि मी बाजारात बल्ब आणायला गेलो. परत आलो तर हॉलचं दार बंद आणि आत ओरडा. मला वाटलं, रंगाचं चालू आहे. पण आवाज बाईचा. मी जिन्यावर थांबलो. जिला मी ओळखत नव्हतो अशी कुणी बाई जिवाच्या आकांतानं ओरडत होती. शब्द कळत नव्हते. दार जाड, त्यात खाली जनरेटर चालू. एकदा 'आई' ऐकू आलं. मग बराच वेळ नुसता सूर. मग तो सूर मला कळला, कारण ती खोकली, आणि तो खोकला मी रोज ऐकत होतो.

दार उघडायचं नाही हा नियम होता. मी हातात बल्ब धरून उभा राहिलो.

दार उघडलं. लोक एकेक बाहेर आले, लिंबाचं पान तोडलं, चावत चावत माझ्याकडे न बघता जिना उतरले. काशीबाई आया पदरानं नाक पुसत गेली. हुसेनभाईचे डोळे लाल. रंगा सगळ्यात शेवटी आला. माझ्या खिशातला रुमाल न विचारता काढला, तोंड पुसलं आणि घेऊन गेला. त्याच्या आधी उषा आली. म्हणाली, "बल्ब मिळाला का?"

त्या संध्याकाळी तिनं तीन भाकरी खाल्ल्या. भूकंपापासून ती रात्री उठून बसायची, त्या रात्री उठली नाही. सकाळी कपबशा विसळताना काहीतरी गुणगुणत होती. मी वाट बघितली, आज सांगेल, उद्या सांगेल. नाही. मीही विचारलं नाही. आपल्या बायकोचं मन दुसऱ्याच्या हॉलमध्ये मोकळं होतं आणि आपण बल्ब आणायला जातो, हे तिच्यासमोर बोलून कसं दाखवायचं?

मग मी बाहेरून तपास लावला. आमचा दवाखाना म्हणजे असा, की साहेबांचं बायकोशी भांडण झालं तर साहेब ड्युटीवर पोचायच्या आधी भांडण ओपीडीत पोचलेलं असायचं. तिथं एक गोष्ट काढून घेणं कितीसं अवघड? हुसेनभाईला घरी बोलावून मटण खाऊ घातलं. त्यानं हाडांतला मगजसुद्धा ठेवला नाही. हात धुतल्यावर मी हळूच विषय काढला. तो म्हणाला, "साब, रस्सा एक नंबर था. पन हॉल का हॉल में-इच." काशीबाई, जिला तिसऱ्या वॉर्डातलं पोर कूस बदललेलं ऐकू यायचं, ती म्हणाली, "मला कमीच ऐकू येतंय बघा, दादा." हेड सिस्टरबाई तर म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलंत ना गुप्तता पाळायची? पट्टी दाखवली होती की हिरव्या शाईत." माझीच पट्टी माझ्यावर उलटली! अख्खा दवाखाना माझ्या बायकोचं काळीज जाणत होता, माझ्याशिवाय. कॅन्टीनमध्ये कुणी माझ्याकडे बघून हसलं तरी मला वाटायचं, याला माहीत आहे. उषा आणि रंगा व्हरांड्यात बोलताना दिसले की मी फायली शोधण्याच्या निमित्तानं चार फेऱ्या मारायचो.

"काय शोधायलास रे नांदेडकर?" रंगा ओरडायचा.

"पेन," मी म्हणायचो. आणि ते त्याच्याच खिशात असायचं.

वर्षं गेली. लातूर बदललं. पत्र्याच्या शेडांच्या जागी पक्की गावं झाली आणि शहरात गल्लोगल्ली क्लास उगवले. भिंतींवर गुणवंतांचे फोटो, घराघरांवर हॉस्टेलच्या पाट्या. गच्चीवर पाण्याची टाकी ठेवायची तिथंही खोली काढून पोरं ठेवलेली. एका क्लासनं समुपदेशकाची जागा काढली, एसी केबिन, दारावर नाव. मला बोलावतील म्हणून मी नवा सफारी शिवला. त्यांनी रंगाला बोलावलं. रंगा गेला, तिथले चहा-पोहे खाल्ले, मालकाचा कंगवा वापरला आणि नको म्हणून आला. मग मला बोलावलं. त्या केबिनमध्ये बसताना मला उष्टं ताट वाढल्यासारखं वाटायचं. बिनपगारी रजा घेऊन गेलो होतो, सहा महिन्यांत दवाखान्यात परतलो.

रंगानं मात्र साहेबांच्या मागं लागून कॅज्युअल्टीच्या स्टाफचं शिबिर दर उन्हाळ्यात लावलं. "भूकंप न सांगता आला," तो म्हणायचा. "रिझल्ट तर तारीख सांगून येतो. तरी आपण तयार न्हाई." मेसच्या बायकांनाही तो बोलवायचा, कारण पोरगं जेवायचं बंद झालं की पहिलं त्यांनाच कळतं.

एका निकालाच्या संध्याकाळी मी कॅज्युअल्टीत होतो. धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी, त्यांची मुलगी आत. तिनं काहीतरी घेतलं होतं. वेळेत आणली होती. बाप बाहेर एका नवख्या सिस्टरवर तुटून पडला होता, अगदी रंगाच्या चालीत. ती बसून राहिली. हात मांडीवर. ते दमले, तेव्हा ती म्हणाली, "काका, जरा पेन देता का? माझं चालेना." त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून तिच्या हातात दिलं, आणि देता देताच खाली बसले. म्हणाले, "ती नको म्हणली होती इथं यायला. मीच आणून सोडलं." मग रडले. मुलगी वाचली. जाताना त्यांनी सिस्टरला विचारलं, "बाई, हे तुला कुणी शिकवलं?"

"बिराजदार सरांनी," ती म्हणाली.

तीन दिवसांच्या शिबिरात अडीच दिवस मी शिकवलं होतं!

रंगा माझ्या आधी रिटायर झाला. चाकूरकडच्या गावी राहायला निघाला तेव्हा मी एसटी स्टँडवर गेलो. तो खिडकीशी बसलेला, केस सगळे पांढरे पण भांग तसाच ठसठशीत. मला बघून ओरडला, "नांदेडकर, पेपर दे रे तो, वाचायला काय न्हाई." मी दिला. गाडी सुरू झाली, तशी माझा धीर सुटला.

"रंगा, एक सांग. त्या दिवशी उषा काय बोलली?"

त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "आरं बाबा! ते धरून बसलास अजून?"

"सांग."

"हॉलमधलं..."

"हॉल पाडला रे! तिथं आता पार्किंग आहे!"

तो हसायला लागला. कंडक्टर मागे वळून बघायला लागला, शेजारची बाई सरकून बसली. खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं माझं मनगट धरलं आणि हसणं तसंच अर्ध्यावर टाकून विचारलं, "तू तिला विचारलास का कधी?"

गाडी वळली. पांढरं डोकं आणि माझा पेपर, दोन्ही दिसेनासं झालं. तेच शेवटचं. त्या थंडीत त्याच्या मुलाचा फोन आला. पण हे त्याच्या आधीचं, गाडी गेली त्याच दिवसाचं. मी स्टँडवरून रिक्षा केली, तडक घरी आलो. उषा ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी खुर्ची तिरकी न लावता तिच्यासमोर जमिनीवरच बसलो, आणि इतकी वर्षं अख्ख्या दवाखान्याला जे विचारलं ते तिला विचारलं. "त्या दिवशी हॉलमध्ये तू काय बोललीस गं?"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा जुडी उचलली.

"तेव्हाच विचारायचं होतं," ती म्हणाली. "आता मी विसरले."